सोबत्याचं कार्ड

अर्जाच्या सातव्या रकान्यापाशी दादाचं बोट थांबलं.

“‘रुग्णाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीस या कामाचा कोणताही मोबदला मिळत नाही,’” त्याने मोठ्याने वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. “हे कुणी लिहिलंय?”

“सरकारने,” बारकी म्हणाली. “छापलेलं आहे ते, दादा.”

“छापलेलं दिसतंय मला. त्याच्याखाली मी सही करायची म्हणजे काय? माझ्या बहिणीला मी सहा वर्षं फुकट राबवतोय, असं लिहून द्यायचं?”

“मग तसं नाहीये का?”

बारकीला उत्तर तयार ठेवायची सवय होती. शहराची बस चालवणारी बाई. दिवसभर कुणी ना कुणी तिच्या पाठीमागे उभं राहून तिला गाडी कशी चालवायची ते सांगायचं. रविवारी दुपारी ती अजून कामाच्या निळ्या शर्टातच होती. हा अर्जही तिनेच आणला होता. डेपोतल्या फळ्यावर जाहिरात लागली होती, तिथून.

ताई खिडकीपाशी अण्णांना पाणी पाजत होती. साधं पाणी त्यांच्या घशात अडकायचं, म्हणून त्यात पूड मिसळून ते मधासारखं दाट करायचं आणि चमच्याने द्यायचं. एक चमचा, मग गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. पेल्याभर पाण्याला वीस मिनिटं. तिने मागे वळून पाहिलं नाही. घरात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून सात वर्षांनी मोठा असलेला दादासुद्धा, आणि अण्णाही. अर्धांगाचा झटका येण्याआधी म्हणत असत ते. आता ‘ता’ यायचा, पुढचा ‘ई’ कधी यायचा, कधी वाटेत राहायचा.

“यात गैर काय आहे?” वहिनीने विचारलं. ती दादाशेजारी बसून तोच अर्ज उलट्या बाजूने वाचत होती. नोंदणी कार्यालयात बावीस वर्षं काढल्यामुळे तिला कागद उलटा असला तरी चालायचा. “कार्ड मिळालं की बसमध्ये, गाडीत, बोटीवर सोबत्याला तिकीट नाही. संग्रहालय, बाग, नाटक, सगळीकडे एका तिकिटात दोघं. शिवाय ताई एकटी कुठे गेली तरी तिला सवलत. वाईट काय आहे?”

“वाईट काही नाही. गरज काय आहे, ते सांग. आपण काय रांगेत उभं राहून सवलत मागणारी माणसं आहोत? औषधांचं दुकान आहे माझं. ताईला कुठे जायचं असेल तर मी गाडी पाठवतो. आजवर नाही म्हटलंय का कधी?”

“नाही म्हणाला नाहीस,” ताई खिडकीकडूनच म्हणाली. “आणि पाठवलीही नाहीस.”

“तू मागितलीस का?”

“गाडीत ही चाकांची खुर्ची बसत नाही, दादा. मी मोजलीये. मागचं दार, डिकी, सगळं.”

ती मोजणारच. अण्णांच्या आजारपणाआधी ती भूमापन खात्यात नकाशे आखायची. आधी बिनपगारी रजा घेतली, मग ती वाढवली, आणि मग एके दिवशी खात्याने पत्र पाठवून विचारलं की बाई, तुम्ही येणार आहात की नाही. त्याचं उत्तर तिने अण्णांची कूस बदलून झाल्यावर, पहाटे, एका ओळीत लिहिलं होतं.

“मला एवढंच समजतं,” दादाने अर्ज पुढे सरकवला, “की घरबसल्या सगळं मिळतंय. डॉक्टर घरी येतो, न्हावी घरी येतो, व्यायामवाली येते. रक्त तपासायला माणूस येतो. ही सगळी व्यवस्था कुणी लावली? मी लावली. बाहेर जायची काय हौस आहे?”

“हौस?” बारकी उभी राहिली. “दादा, माझ्या बसला उतार आहे. बटण दाबलं की दारातून बाहेर येतो आणि पायरीला टेकतो. चार वर्षांत किती खुर्च्या मी चढवल्यात त्याचा हिशेब नाही. लोकांचे बाप, लोकांच्या आया, लोकांची पोरं. माझा स्वतःचा बाप तेवढा एकदाही चढलेला नाही. दोन वर्षं हा माणूस दवाखाना सोडून कुठेही गेलेला नाही आणि त्याच्यामुळे ताईही गेलेली नाही. मुदत उद्या संपतेय. कुटुंबातल्या दोन मोठ्या माणसांच्या सह्या लागतात. एक मी केलीये. दुसरी तू करायचीस. इतकंच काम आहे.”

“तुझं बरं आहे,” दादा म्हणाला. “महिन्यातून एकदा यायचं, भांडून जायचं. स्टॉप आला, दार उघडलं, दार बंद केलं.”

बारकीने खिशातून फोन काढला. ती खाली बसली.

ताईने चमचा पेल्यात ठेवला. आता ती वळली.

“तुम्ही दोघं कुणाबद्दल भांडताय?” तिने शांतपणे विचारलं. “माझ्याबद्दल नाही. अण्णांबद्दलही नाही. कोण जास्त करतं आणि कोण कमी, याच्यावर चाललंय तुमचं. ते भांडण जिन्यात जाऊन करा. मला उद्या हा अर्ज द्यायचाय आणि तो मी देणार आहे. सही असो वा नसो, पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी मी अण्णांना घेऊन घराबाहेर पडणार आहे. कार्ड असलं तर सोपं जाईल. नसलं तर अवघड जाईल. पण जाणार आहे.”

तिचा आवाज चढलेला नव्हता.

*

अण्णांना सगळं ऐकू येत होतं. लोकांना वाटायचं, बोलता येत नाही म्हणजे ऐकूही कमीच येत असणार, आणि ते त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी असं बोलायचे की जणू ते शेजारच्या खोलीत निजलेत. अण्णांना त्याचा आता राग येत नसे. फक्त शब्द वेळेवर येत नसत, एवढीच अडचण होती. नदीवरच्या प्रवासी बोटीची इंजिनं सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गार पडलेलं इंजिन पहिल्या झटक्यात कधीच लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तसंच होतं हे. आत सगळं फिरायचं, फिरत राहायचं, आणि मग केव्हातरी एक शब्द पेट घ्यायचा.

आत्ता त्यांना म्हणायचं होतं, मला विचारा.

‘म’ जमला. ओठ मिटले, उघडले. दादा काहीतरी म्हणत होता. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे ताई पेला विसळायला गेली. बारकी फोनमध्ये डोकं घालून बसली.

“मला,” अण्णा म्हणाले.

“पाणी हवंय का?” बारकीने वर न बघता विचारलं. “ताई! अण्णांना पाणी.”

*

स्वयंपाकघराचं दार वहिनीने पायाने लोटून घेतलं.

“तो घाबरतो,” ती हळूच म्हणाली. “तुला माहितीये ना?”

“कशाला?”

“त्या पायऱ्यांना.”

ताईने नळ बंद केला. त्या चार पायऱ्या तिलाही ठाऊक होत्या. दोन वर्षांपूर्वी अण्णांना हयातीचा दाखला द्यायला दादा त्यांना पेन्शनच्या कचेरीत घेऊन गेला होता. उतार नव्हता. रस्त्यावरच्या एका माणसाने मदत केली, दोघांनी खुर्ची उचलली, तिसऱ्या पायरीवर त्या माणसाचा हात सुटला. अण्णा पुढे तोंडावर पडले. कपाळाला सात टाके. दादाचा पांढरा शर्ट इतका भरला होता, की कचेरीतल्या लोकांना वाटलं त्यालाच लागलंय.

“त्या रात्री घरी आल्यावर त्याने शर्ट धुतला,” वहिनी म्हणाली. “स्वतः. न्हाणीघरात बसून. मला हात लावू दिला नाही. त्यानंतर घरी येणारा न्हावी शोधला, मग डॉक्टर, मग व्यायामवाली. त्याला वाटतं, बाहेर जायची वेळच आली नाही तर पुन्हा पडणार नाहीत.”

“मला कधी बोलला नाही.”

“मलाही नाही. मला दिसलं.”

ताई ओट्याला टेकली. तिला दादाची दया आली, आणि दया आली म्हणून चीडही आली. “वहिनी, त्याची भीती खरी असेल. पण तिचं भाडं मी भरतेय. चार भिंतींत. तो दुकानात जातो, तुम्ही कचेरीत जाता, बारकी सगळं शहर पालथं घालते. मी कचरा टाकायला खाली जाते तेव्हा मुद्दाम लिफ्ट घेत नाही. जिन्याने जाते. तेवढीच दोन मिनिटं जास्त मिळतात.”

वहिनीने तिच्याकडे बघितलं. ती कमी बोलणारी बाई होती आणि सासरच्या भांडणात पडायचं नाही, हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. तो नेम तिने तेवीस वर्षं पाळला होता.

“तुला स्वतःला कुठे जायचंय?” तिने विचारलं. “अण्णांबरोबर नाही. एकटीला.”

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की उत्तर नाही. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने ते शोधलंही नव्हतं.

“बघ,” वहिनी म्हणाली, “सापडेल.” आणि दार उघडून ती बाहेर गेली.

टेबलावर अर्ज होता तिथेच होता. वहिनीने तो स्वतःकडे ओढला, पिशवीतून पेन काढलं आणि दादाच्या सहीसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं. खाली सही. नात्याच्या रकान्यात, सून.

“अगं, हे काय?” दादा म्हणाला.

“कुटुंबातली मोठी व्यक्ती. सून बसते त्यात. मी सूचना वाचल्यात, मागच्या पानावर आहेत.” तिने पान उलटलं. “अकरावा रकाना तुम्ही कुणी बघितलाच नाही. ‘मुख्य सोबती आजारी किंवा गैरहजर असल्यास पर्यायी सोबती.’ हा भरला नाही तर अर्ज परत येतो. आमच्याकडे असले किती तरी परत जातात.” तिने त्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं, आणि कागद त्याच्यापुढे फिरवला. “इथे मात्र तुझीच सही लागेल.”

“मी?”

“हो.”

“मला जमणार नाही.”

“काय जमणार नाही?” बारकी म्हणाली, पण ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गप्प बसली.

दादाने पेन उचललं नाही. तो अण्णांकडे बघत होता. उजेड खिडकीतून आडवा येत होता आणि अण्णांच्या कपाळावरची पांढरी रेघ त्यात स्पष्ट दिसत होती. अण्णाही त्याच्याकडेच बघत होते. दोन वर्षांत तो इथे दर रविवारी आला होता. गोळ्यांच्या डब्या भरल्या होत्या, रक्तदाब मोजला होता, आणि प्रत्येक वेळी नजर त्या रेघेच्या जरा खाली ठेवली होती.

“माझ्या हातून पडले होते,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

“त्या माणसाच्या हातून,” ताई म्हणाली.

“मी त्याला बोलावलं होतं.”

वहिनीने पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हाताजवळ ठेवलं.

“एकदाच,” शेवटी दादा म्हणाला. “आणि कोपऱ्यावरच्या बागेपर्यंतच.”

“अंतर लिहायला रकाना नाही,” वहिनी म्हणाली.

त्याने सही केली. इतकी दाबून केली, की खालच्या पानावरही ती उमटली.

*

कार्ड अठराव्या दिवशी आलं. पहिल्या शनिवारी ताई अण्णांना घेऊन बारकीच्या बसमध्ये चढली. बारकीने बटण दाबलं, उतार टेकला, खुर्ची चढली, पट्टा लागला, आणि बारकीने एवढी सावकाश गाडी चालवली की मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, वरात आहे का?” तरी तिने वेग वाढवला नाही.

संग्रहालयाच्या दारावर मात्र माणूस कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिला.

“हे आमच्याकडे चालत नाही.”

“चालतं,” ताई म्हणाली. “परिपत्रक आहे. यादीत तुमचं नाव चौथं आहे.”

“मला काही आलेलं नाही. तुमचं तिकीट काढा, आत जा. कशाला वाद?”

तिकीट काढणं सोपं होतं. मागे लोक उभे होते, अण्णांची मान कलायला लागली होती. सहा वर्षांत ताईने सोप्या वाटेने बरंच काही सोडून दिलं होतं. तिने खुर्चीचे ब्रेक लावले.

“मी वाद घालत नाहीये. तुमच्या साहेबांना फोन लावा. मी थांबते. आमच्याकडे वेळ आहे.”

अण्णांची मान सरळ करून, मागे छोटी उशी लावून ती थांबली. साहेब आले, त्यांनी कार्ड पाहिलं, भिंतीवरच्या फायलीतून कागद शोधून काढला आणि तो दारावरच्या माणसाला वाचायला दिला. माणसाने तो खरोखरच वाचला, ओठ हलवत. मग स्वतः उठून त्याने मोठं दार उघडलं. “खुर्ची इकडून घ्या. ते फिरतं दार आहे, त्यात अडकेल,” तो म्हणाला. पुढच्या शनिवारी ताई पुन्हा गेली तेव्हा त्याने कार्ड मागितलंही नाही, मोठं दार आधीच उघडून ठेवलं.

आणि तिसऱ्या शनिवारी दादाची पाळी आली.

ताईने त्याच्यासाठी नकाशा काढला होता. खात्यात काढायची तसाच, शाईने, मापासकट. घरापासून धक्क्यापर्यंतचा रस्ता. फूटपाथ कुठे उतरतो, कुठे एक वीट उंच आहे, कुठला सिग्नल खुर्चीला पुरतो आणि कुठला दोन टप्प्यांत ओलांडायचा. स्वच्छतागृहाचं दार किती रुंद. धक्क्यावरच्या फळीचा चढ किती. खाली एक ओळ होती, ‘उतारावर खुर्ची उलटी घ्यायची, आपण खाली, अण्णा वर.’ बागेचा त्यात कुठेच पत्ता नव्हता.

“बोट?” दादा म्हणाला. “बाग ठरलं होतं.”

“तुझं ठरलं होतं,” ताई म्हणाली. तिने खांद्याला पिशवी लावली होती. “पाण्याची पूड मागच्या कप्प्यात आहे. संध्याकाळी पाचपर्यंत मी नाही. अडलं तरच फोन कर.”

“तू कुठे चाललीस?”

पण ती जिन्याने उतरायला लागली होती.

*

धक्क्यावरच्या खिडकीत बसलेल्या बाईने कार्ड यंत्रावर टेकवलं आणि एकच तिकीट पुढे सरकवलं.

“दोघं आहोत आम्ही,” दादा म्हणाला.

“सोबत्याला लागत नाही.”

“मी देतो ना तिकीट. द्या एक.”

“घेऊन करणार काय?” बाई म्हणाली. “पुढे चला, काका. बोट सुटेल.”

दादाने तिकीट खिशात ठेवलं. कानाची पाळी गरम झाल्यासारखी वाटली. पण मागे कुणी हसलं नाही, कुणी बघितलंही नाही. त्याच्यापुढे एक बाई बहिणीला घेऊन निघाली होती, तिच्या गळ्यात तसंच कार्ड लटकत होतं. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मग ती फळी आली. नकाशात ती एक रेघ होती. इथे तिच्या दोन्ही बाजूंना पाणी हलत होतं. त्याने मुठी इतक्या आवळल्या की बोटं दुखली. बोटीवरचा खलाशी हात पुढे करून आला आणि दादा जवळजवळ ओरडला, “नको! मी घेतो. तुम्ही हात लावू नका.”

“बरं,” खलाशी म्हणाला. “पण ब्रेक सोडा आधी.”

ब्रेक लागलेलेच होते. दादाने ते सोडले. चढ होता, म्हणजे खुर्ची सरळ न्यायची. त्याने छाती पाठीच्या टेकूला लावली, बुटाची टाच फळीच्या आडव्या पट्टीत रोवली आणि ढकललं. एक पट्टी. दुसरी. तिसरीवर त्याचा पाय थबकला. खुर्चीत अण्णांनी डावा हात उचलला आणि मागे न बघता त्याच्या मनगटावर ठेवला. हात हलका होता, कागदासारखा. दादाने पाय उचलला. चौथी, पाचवी, मग चाकांखाली सपाट लोखंड आलं.

बोट सुटली. खालून इंजिनाची घरघर तळपायातून वर आली आणि अण्णांनी डोळे मिटले. दादाला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. तो वाकला. पण अण्णा ऐकत होते. मान जरा एका बाजूला, डाव्या हाताचं बोट गुडघ्यावर, ठोक्यासोबत. एकदा त्यांनी भुवई आकसली, तिथे काहीतरी चुकत असावं. मग डोळे उघडले, आणि तेच बोट वर केलं.

बोट नवी होती. जिन्याशेजारी काचेची लिफ्ट होती, वरच्या मजल्यावर जाणारी. त्यावर खुर्चीचं चित्र होतं.

लिफ्ट नकाशात नव्हती. दादाने फोन काढला.

*

पोहण्याच्या तलावावर शनिवारी दुपारी गर्दी नसते. खिडकीतल्या बाईने ताईचं कार्ड पाहिलं, अर्ध्या दराची पावती फाडली आणि लॉकरची किल्ली दिली. ताईने सहा वर्षांपूर्वीचा पोहण्याचा पोशाख आणला होता. तो घट्ट होत होता. आरशात तिने स्वतःकडे बघितलं. दंड भरले होते, माणूस उचलून उचलून. ती फोन लॉकरमध्ये ठेवणार तोच तो वाजला.

तिने तो घाईने कानाला लावला. “काय झालं?”

“काही नाही, काही नाही,” दादाचा आवाज वाऱ्यात फाटत होता. “बोटीवर आहोत. अण्णा वर बोट दाखवतायत. लिफ्ट आहे इथे. वर वारा फार आहे, कठडा किती उंच आहे माहीत नाही. नेऊ का? तुला काय वाटतं?”

ताई बाकावर बसली. उत्तर अगदी ओठांवर होतं. घोंगडी आहे का, मानेची उशी लाव, दहा मिनिटंच थांब. सहा वर्षं ती अशी उत्तरं देत आली होती, आणि प्रत्येक उत्तरागणिक त्या घरात जिला प्रश्न विचारावा अशी फक्त तीच उरली होती.

“मला काय विचारतोस?” ती म्हणाली. “त्यांना विचार.”

“ते कसं सांगणार?”

“थांबायचं. विचारायचं आणि थांबायचं. फोन बंद करू नकोस, मला ऐकू दे.”

पलीकडे खुडबुड झाली. मग दादाचा आवाज आला, लांबून, जरा अवघडलेला. औषधं देताना गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा नाही, लहानपणी काही मागायला अण्णांसमोर उभा राहायचा तसा.

“अण्णा, वर जायचंय का तुम्हाला?”

ताई ऐकत राहिली. इंजिनाचा आवाज येत होता, कुणाचं तरी मूल ओरडत होतं. दादा मध्येच काही बोलला नाही. ती मनात म्हणाली, थांब, आणि तो थांबला.

“चौतीस,” अण्णा म्हणाले. मग पुष्कळ वेळ काही नाही. “वर्षं. खाली. होतो.” इंजिनाची घरघर. “वर. दाखव.”

दादाने फोन पुन्हा कानाला लावला. “ताई,” एवढंच म्हणाला.

“ऐकलं मी. जा.”

तिने फोन लॉकरमध्ये ठेवला आणि किल्ली फिरवली. किल्लीला रबराचा पट्टा होता, तो मनगटाला लावला.

पाणी थंड होतं. पहिल्या फेरीला निम्म्यातच तिला धाप लागली. पाय विसरले होते, श्वासाचा मेळ बसत नव्हता, नाकात पाणी गेलं. पलीकडचा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि खोकत राहिली. शेजारच्या पट्ट्यात टोपी घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई संथ पोहत आल्या आणि थांबल्या.

“नवीन का?”

“नाही,” ताई म्हणाली. “फार दिवसांनी आले.”

“मग आजच्याला एवढं पुरे.”

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजायला अजून दोन तास दहा मिनिटं होती. तिने केस मागे सारले, पाय भिंतीला टेकवले आणि स्वतःला ढकललं.